आपोआप तयार झालेल्या कोडलाही मागोवा लागतो

मॉडेलवरून, म्हणजे सॉफ्टवेअरने कसे वागावे हे दाखवणाऱ्या आराखड्यावरून, टूलने तयार केलेला कोड मॉडेलशी जुळलेलाच असतो, म्हणून तो कोणत्या रिक्वायरमेंटमधून (सॉफ्टवेअरने काय करावे याच्या लिखित अपेक्षेतून) आला हे दाखवण्याची, म्हणजेच त्याचा मागोवा ठेवण्याची, गरज नाही, असा समज अनेक वर्षे प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. नागरी विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी २०११ साली आलेले डीओ-१७८सी हे मानक बिघाडाच्या गांभीर्यानुसार ठरणाऱ्या ए (सर्वांत गंभीर), बी आणि सी या पातळ्यांवर सोर्स कोडचे रिक्वायरमेंटशी असलेले नाते दाखवायला सांगते, मग तो कोड माणसाने लिहिलेला असो वा टूलने. टूलच्या पात्रतेसाठीच्या डीओ-३३० या दस्तऐवजानुसार टूलचीच पात्रता सिद्ध केली असेल, तर काही तपासण्या वगळता येतात. मात्र ती सवलत कष्टाने मिळवावी लागते.

शिवाय असे टूल फक्त मॉडेलपासून कोडपर्यंतच्या टप्प्याची हमी देते. मॉडेलच चुकले असेल, तर तीच चूक ते कोडमध्ये जशीच्या तशी उतरवते, आणि म्हणूनच मॉडेल ज्या रिक्वायरमेंटवरून घडवले त्या मॉडेलच्या बाहेर असाव्यात, ही डीओ-३३१ची, म्हणजे मॉडेलवर आधारित विकासासाठीच्या पुरवणीची, अट मला सर्वांत मोलाची वाटते. कोडमधील कॉमेंटमध्ये मॉडेलच्या ब्लॉकचे नाव उमटले, म्हणजे मागोवा पूर्ण झाला असे होत नाही. ए पातळीवर तर सोर्स कोडचे यंत्रभाषेतील ऑब्जेक्ट कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या कंपायलरने स्वतःहून घातलेल्या, सोर्स कोडमध्ये थेट मूळ न सापडणाऱ्या ऑब्जेक्ट कोडचीही वेगळी पडताळणी करावी लागते.