पित्तात आयोडीन पोचवायचे कसे?

साध्या एक्स-रेत पित्ताशय दिसत नाही. त्यातले बहुतेक खडेही दिसत नाहीत, कारण कोलेस्टेरॉलचा खडा क्ष-किरण जवळपास पित्ताइतकेच अडवतो. आयोडीनचा जड अणू मात्र ते चांगले अडवतो. मग पित्तातच आयोडीन आणले तर? 1924 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसला ग्रॅहॅम आणि कोल या शल्यचिकित्सकांनी आधी ब्रोमीनयुक्त, मग आयोडीनयुक्त रंगद्रव्य शिरेतून देऊन पित्ताशयाची सावली फिल्मवर उमटवली.

पुढे आलेल्या औषधांतली खुबी एका जागेत आहे. मूत्रमार्गाच्या एक्स-रेसाठी द्यायचे औषध असो की पित्तमार्गाच्या, बेंझिनच्या सहा कार्बनच्या कड्यावर आयोडीनचे तीन अणू असतातच. मूत्रमार्गाच्या औषधात कड्यावरच्या पाचव्या जागीही साखळी जोडलेली असते, पित्तमार्गाच्या औषधात तिथे नुसता हायड्रोजन. त्या मोकळ्या बाजूने रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो, म्हणून मूत्रपिंडात सहज गाळला जात नाही आणि यकृताच्या वाट्याला येतो.

पित्ताशयासाठी आयोपॅनोइक ॲसिड या अशाच औषधाच्या 500 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या बिनतुपातेलाच्या रात्रीच्या जेवणानंतर घेत. पोटात स्निग्ध काही गेले की पित्ताशय आकुंचन पावते आणि साठू लागलेले औषध बाहेर पडते. रात्रभरात यकृत औषध पित्तात सोडते, पित्ताशय पाणी शोषून ते दाट करते आणि सकाळी फोटो निघतो. रुग्णाला उभे करून काढलेली फिल्म तर पाहण्यासारखी: कोलेस्टेरॉलचे हलके खडे जड झालेल्या पित्तात एका आडव्या रेषेत तरंगताना दिसतात.

सावलीच उमटली नाही, तर पित्ताशयाची नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. पण हा निष्कर्ष घाईने काढू नये. गोळ्या उलटून पडल्या का, जुलाब झाले का, कावीळ आहे का, हे आधी विचारायलाच हवे. त्या काळी अशा वेळी दुसऱ्या रात्री पुन्हा गोळ्या देऊन फोटो काढत.

पित्तनलिकांसाठी आयोट्रॉक्सेटसारखे औषध शिरेतून देतात, तेही सावकाश. यकृत एका वेळी ठरावीक मात्राच पित्तात टाकू शकते. घाई केली तर जास्तीचे औषध लघवीवाटे जाते आणि त्रासही वाढतो.

पित्ताशयातल्या खड्यांसाठी आता सोनोग्राफी पुरते. नळी तुंबून कावीळ झाली असेल, तर यकृतावर विसंबणारी ही औषधे नेमकी तिथेच कमी पडतात. ईआरसीपी या तपासणीत दुर्बिणीतून बारीक नळी घालून औषध थेट पित्तनलिकेत सोडतात. यकृताला वळसा मिळत असल्याने तिथे मूत्रमार्गाच्या जातीचे साधे आयोडीनयुक्त औषधही चालते.