प्रवासी जेट विमानांची क्रूझ उंची

टेकऑफनंतर चढण संपली की जेट विमान ज्या उंचीवर प्रवासाचा बराचसा वेळ काढतं ती क्रूझ उंची. मोठ्या प्रवासी जेटसाठी ती साधारण ३१ ते ४२ हजार फूट, म्हणजे साडेनऊ ते पावणेतेरा किलोमीटर असते.

एवढं वर कशाला, तर 'वर हवा विरळ, म्हणून विरोध कमी' हे नेहमीचं उत्तर, आणि ते चुकीचं नसलं तरी अर्धवट आहे. ११ किमीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ३० टक्के उरते हे खरं, पण विमानाचं वजन तेवढंच राहतं, ते पेलायला पंखांना लिफ्टही (वर उचलणारा जोरही) तेवढीच लागते, आणि विरळ हवेत ती मिळवायची तर जास्त वेगाने जावं लागतं. लिफ्ट आणि ड्रॅगचं (हवेच्या विरोधाचं) सगळ्यात चांगलं गुणोत्तर धरून उडलं तर ड्रॅग खाली काय आणि वर काय, जवळपास सारखाच येतो. फायदा असा की तेवढ्याच ड्रॅगमध्ये वर विमान खूप जास्त अंतर कापतं. कॉकपिटमध्ये हे आकड्यांत दिसतं : ३५ हजार फुटांवर मॅक ०.७८ ने (आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट) जाताना हवेच्या दाबावरून वेग मोजणारा इंडिकेटर सुमारे २६० नॉट (तासाला सागरी मैल) दाखवतो आणि हवेतला खरा वेग ४५० नॉटच्या आसपास असतो.

उरलेलं अर्धं उत्तर इंजिनात आहे. जेट इंजिन कमी उंचीवर हळू फिरवलं की कामाच्या मानाने इंधन फार खातं. वर थ्रस्टच (पुढे ढकलणारा जोरच) कमी मिळत असल्याने ते डिझाइनच्या आरपीएमजवळ (मिनिटाला ठरलेल्या फेऱ्यांजवळ) चालतं, शिवाय आत येणारी हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असल्यामुळे एफिशियन्सी वाढते. काही लेखक पंखांना जास्त श्रेय देतात, काही इंजिनाला. दोन्ही एकाच उंचीसाठी डिझाइन होतात, त्यामुळे ते एकत्र बघणंच जास्त बरोबर वाटतं.

एवढ्या उंचीवरून उडण्याच्या कल्पनेचं श्रेय बहुतेकदा ब्रिटिश इंजिनिअर फ्रँक व्हिटल यांना दिलं जातं. १९२८ मध्ये क्रॅनवेलला, ब्रिटिश हवाई दलाच्या कॉलेजात, कॅडेट असताना लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी मांडलं की वेग आणि पल्ला दोन्ही हवे असतील तर खूप उंच जावं लागेल. पण बंद, दाबाच्या (वरच्या विरळ हवेतही आत पुरेसा दाब राखणाऱ्या) केबिनचे प्रयोग अमेरिकेत १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच झाले होते आणि जर्मनीत युंकर्सचं जू ४९ हे खास उंचीच्या प्रयोगांसाठीचं विमान १९३१ मध्ये उडालं, म्हणजे विचार एकट्याचा नव्हता. तरी व्हिटल यांना झुकतं माप द्यावं असं वाटतं, कारण त्या प्रबंधात टर्बोजेट (आजच्या जेट इंजिनाचं मूळ रूप) नाहीच, तो त्यांना १९२९ मध्ये सुचला आणि पेटंटचा अर्ज १९३० चा. आधी उंची ठरली, मग तिथे चालेल असं इंजिन शोधलं गेलं.

दाबाची केबिन असलेलं पहिलं प्रवासी विमान, बोइंग ३०७, १९४० मध्ये सेवेत आलं, पण त्याची इंजिनं पिस्टनची होती. जेटने प्रवासी नेणं २ मे १९५२ ला डी हॅविलंड कॉमेटने सुरू केलं. १९५४ च्या कॉमेट अपघातांनंतर कळलं की प्रत्येक उड्डाणात दाब चढ-उतार होऊन केबिनच्या धातूला थकवा येतो, भेगा पडतात. आज केबिनमधला दाब साधारण ८ हजार फुटांवरच्या हवेइतका, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ६ हजारांइतका ठेवतात.

वर जायलाही मर्यादा आहे. उंची वाढते तशी स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची लिफ्ट कोसळते) आणि मॅकची मर्यादा (ज्याच्या वर जाणं धोक्याचं) जवळ येत जातात, मधली जागा अगदी चिंचोळी होते तिला वैमानिक 'कॉफिन कॉर्नर' म्हणतात. म्हणून जड विमान आधी खाली राहतं आणि इंधन जळून हलकं झालं की टप्प्याटप्प्याने वर चढतं, हा स्टेप क्लाइंब.

खराब हवामानाच्या वर जाता येतं हे कारणही सांगतात, पण उष्ण कटिबंधात गडगडाटी ढग १५ किमीच्याही वर जातात, तिथे वळसाच घालावा लागतो. जेट स्ट्रीम, म्हणजे वरच्या थरातला जोरदार वारा, मागून असेल तर वेळ वाचतो, समोरून असेल तर जातो. टर्बोप्रॉप (टर्बाइनवर पंखा फिरवणारी) विमानं साधारण २० ते २५ हजार फुटांवरच उडतात, आणि अगदी छोट्या मार्गावर जेटही पूर्ण उंची गाठत नाही, कारण चढून लगेच उतरायचं असतं.