ऊसबिलातली कपात आणि रिझर्व्ह बँकेतला अर्थतज्ज्ञ

कोल्हापूर जिल्ह्यात ऊसबिल निघालं की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, मग उरलेले पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर पडतात. आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासूनच्या बिलांच्या पावत्या तारेला टोचून ठेवल्या आहेत. त्यांतला सोसायटी वसुलीचा रकाना पाहिला की मला रिझर्व्ह बँकेतले अर्थतज्ज्ञ आठवतात. शिवाजी विद्यापीठात एम.ए. करून त्या बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हा धागा सांगावासा वाटतो.

बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. तिच्या १९३४ च्या कायद्यातच शेतीकर्जासाठी वेगळा विभाग काढावा आणि त्या प्रश्नांचा अभ्यास करणारे जाणकार तिथे नेमावेत, असं कलम होतं. नोटा काढणाऱ्या बँकेच्या कायद्यात शेतकऱ्याच्या कर्जाची दखल असावी, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुढे सी. डी. देशमुख गव्हर्नर असताना, १९४५ मध्ये, संशोधन व सांख्यिकी विभाग उभा राहिला.

बँकेतल्या अर्थतज्ज्ञांचा खरा कस लागला १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत, म्हणजे खेड्यांतल्या कर्जाच्या पाहणीत. ७५ जिल्हे, ६०० गावं. घरोघरी एकच चौकशी: कर्ज कुणाकडून काढलं? पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सदस्यांत धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ च्या अहवालात उत्तर आलं: सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के, सावकारांकडून सुमारे ७० टक्के.

कोल्हापुरात सावकारीला गुळाची जोड होती. अडत्या हंगामाआधी उचल द्यायचा, म्हणून गूळ त्याच्याच दुकानी लावायचा. सौदा झाला की हातात पट्टी यायची, ती उचल, व्याज, अडत, हमाली, तोलाई सगळं वजा होऊन. कर्ज आणि माल यांची गाठ अडत्यानं कधीच मारून ठेवली होती. समितीनं तीच गाठ सहकारी संस्थेच्या हाती द्या, कर्ज मालविक्रीशी जोडा, म्हणून सांगितलं. आमच्या ऊसबिलातला तो रकाना मला त्याच विचाराचा वाटतो.

याच अहवालातून १९५५ मध्ये स्टेट बँक आली. १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना, म्हणजे एकेका जिल्ह्याच्या पतपुरवठ्याची जबाबदारी एकेका बँकेकडे देण्याची योजना, आली, आपल्या जिल्ह्याची जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे गेली. १९८२ मध्ये नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासासाठीची बँक झाली आणि शेतीकर्जाचं बरंचसं काम तिकडे सरकलं. आज रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागात अर्थतज्ज्ञांची वेगळ्या परीक्षेतून भरती होते. काम महागाईचं, राज्यांच्या वित्ताचं, पतपुरवठ्याचं. बरंचसं आकड्यांवर, मुंबईत बसून.

पण कर्ज कुणाकडून, ही चौकशी संपलेली नाही. आमच्या शेजारी दुसऱ्याचं रान वाट्यानं करणारं कुटुंब आहे. सातबारा मालकाच्या नावावर, ऊसही मालकाच्याच नावावर जातो. म्हणून सोसायटी त्यांना कर्ज देत नाही. लागवडीचा खर्च ते अजून उचल घेऊनच भागवतात, आणि त्या उचलीची कुठे पावतीही नसते.