सबवूफर-जोडणी, मोटारीतील

मोटारीतील सबवूफर (सुमारे 20 ते 100 हर्ट्‌झ या पट्ट्यातील मंद्र ध्वनी काढणारा ध्वनिक्षेपक) व अँप्लिफायर यांचा संरोध (प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहाला होणारा अडथळा, एकक ओहम) आणि शक्ती जुळवून केलेली विद्युत जोडणी. वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या मराठी माणसाच्या तोंडी ‘ओहम’, ‘सिरीज’, ‘पॅरलल’ हेच शब्द येतात. संरोध, एकसर (एकापुढे एक जोडणी), समांतर (शेजारी-शेजारी जोडणी) या संज्ञा पाठ्यपुस्तकातल्या. तरीही देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याच्या हेतूने सयाजीराव गायकवाडांच्या काळात, 1890 मध्ये, ज्या शहरात कलाभवन उभे राहिले, तेथील या विषयाच्या नोंदीत त्या संज्ञा राखणे उचित वाटते.

उगम : चल-वेटोळ्याच्या (चुंबकाजवळ हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने आवाज काढणाऱ्या) ध्वनिक्षेपकाचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल एकमत नाही. वेर्नर सीमेन्स यांच्या 1874 च्या पेटंटात कल्पना आढळते, ऑलिव्हर लॉज यांचे पेटंट 1898 चे आहे. पण अँप्लिफायरला जोडून चालणारा, आजच्या रचनेचा ध्वनिक्षेपक चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांच्या 1925 च्या निबंधापासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘सबवूफर’ हा शब्द बहुधा 1960 च्या दशकातला. अमेरिकी चित्रपटगृहांत 1974 मध्ये आलेल्या सेनसराउंड या ध्वनिपद्धतीने मंद्र ध्वनीची ओढ सामान्य श्रोत्यांत पसरली. सबवूफर ज्यात बसवतात त्या खोक्याचे गणित नेव्हिल थील (1961) आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी बसवले.

संरोध : सबवूफरवर छापलेला ‘4 ओहम’ हा आकडा नाममात्र असतो, आणि बहुतेक चुका येथेच सुरू होतात. मीटरने मोजल्यास अशा वेटोळ्याचा रोध (एकदिश प्रवाहाला होणारा अडथळा) साधारण साडेतीन ओहमच्या आसपास भरतो, तर अनुस्पंदनाच्या (सबवूफर सर्वांत सहज डोलतो त्या) वारंवारतेवर संरोध कित्येक पटींनी चढतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. वेटोळे 20 वरून 150 अंशांवर गेले तर रोध जवळजवळ दीडपट होतो आणि त्या प्रमाणात शक्ती घटते. वडोदऱ्याच्या मे महिन्यात, बंद डिकीत, वेटोळे थंड व्हायला वाव आणखी कमी. तरीही हिशेब छापील आकड्यावरच करायचा, कारण अँप्लिफायरची किमान मर्यादाही त्याच भाषेत दिलेली असते.

बरेच सबवूफर दुहेरी वेटोळ्यांचे असतात. 4 + 4 ओहमचा एक सबवूफर एकसर जोडला तर 8, समांतर जोडला तर 2 ओहम. असे दोन सबवूफर असल्यास 16, 4 किंवा 1 ओहम मिळतात. यातील 4 ओहम दोन रीतींनी साधता येतात : प्रत्येकाची वेटोळी एकसर करून दोन्ही सबवूफर समांतर, किंवा वेटोळी समांतर करून सबवूफर एकसर. कागदावर दोन्ही सारख्याच. पहिल्या रीतीत प्रत्येक सबवूफरला अँप्लिफायरचा पूर्ण दाब (व्होल्टेज) थेट मिळतो आणि शेजाऱ्याच्या हालचालीचा परिणाम त्यावर होत नाही, म्हणून तीच पसंत करावी. एक वेटोळे मोकळे सोडणे मात्र टाळावे : शक्ती पेलण्याची क्षमता निम्मी होते, विद्युत अवमंदन (पडद्याची हालचाल आवरण्याची क्षमता) घटते आणि खोक्याचे गणित फसते.

ब्रिज केलेल्या (एकाच सबवूफरसाठी एकत्र जोडलेल्या) अँप्लिफायरच्या दोन वाहिन्यांपैकी प्रत्येकीला बाहेरच्या संरोधाचा निम्माच भार दिसतो. 4 ओहमचा सबवूफर जोडला की प्रत्येक वाहिनी 2 ओहमवर चालते. ही गोष्ट विसरल्याने अँप्लिफायर तापून बंद पडतात. दाब तोच ठेवून संरोध निम्मा केला तर प्रवाह दुप्पट होतो, आणि तारेत होणारी उष्णता चौपट.

शक्ती : तुलना आरएमएस (सतत पेलता येणाऱ्या शक्तीच्या) आकड्यांचीच करावी, वेष्टनावर छापलेला ‘मॅक्स’ सोडून द्यावा. अमेरिकेच्या सीटीए-2006 (पूर्वीचे नाव सीईए-2006) या अँप्लिफायर-मानकात मोजणी 14.4 व्होल्ट, 4 ओहम व एक टक्का विकृतीवर करतात. वर्ग-डीचा (वेगाने चालू-बंद होऊन कमी शक्ती वाया घालवणारा) अँप्लिफायर 500 वॅट देत असेल आणि कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर बॅटरीकडून 14.4 व्होल्टवर सुमारे 43 अँपिअर प्रवाह ओढला जातो. गेन (अँप्लिफायरच्या वर्धनाचे बटण) लावताना 2 ओहमवर 500 वॅटसाठी टोकांवर 31.6 व्होल्ट (500 × 2 या गुणाकाराचे वर्गमूळ) यायला हवेत. त्यापुढे गेन वाढवला तर लाटेचे शेंडे कापले जातात. कमी शक्तीच्या अँप्लिफायरवर जबरदस्तीने आवाज चढवल्यानेही वेटोळी जळतात, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

इतर तपशील : दोन सबवूफरपैकी एकाचे प्लस-मायनस उलटे झाले तर दोघांचा मंद्र परस्परांना खातो. अर्थिंगची (मायनस तार मोटारीच्या सांगाड्याला जोडण्याची) जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्यावी. मुख्य तारेत बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवा. तो अँप्लिफायरपेक्षा तारेचे रक्षण करतो, म्हणून त्याचा आकडा तारेच्या क्षमतेवरून ठरतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध शुद्ध तांब्याहून जास्त असल्याने ती अधिक जाड घ्यावी लागते.