एकाच स्क्रीनवर दोन चित्रे : मागच्या सीटवरील प्रवाशांसाठी

आम्ही गाडीच्या छताला बसवून देत असलेल्या स्क्रीनवर मागच्या सीटवरील दोघांना एकाच वेळी दोन वेगवेगळे कार्यक्रम पाहता येतात. एकाला क्रिकेटचा सामना, दुसऱ्याला कार्टून, आणि तेही प्रत्येकाला पडदाभर. आवाज हेडफोनमधून स्वतंत्रपणे ऐकू येतो.

हे जमते ते प्रकाशाच्या एका गुणधर्मामुळे आणि प्रत्येकाला दिलेल्या वेगळ्या चष्म्यामुळे. सामान्य प्रकाशाच्या लहरींच्या कंपनाची दिशा ठरलेली नसते. ती ठरावीक केली की प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. हे काम करणारी फिल्म अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमारास विकसित केली, तीही समोरच्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपू नयेत या हेतूने, म्हणजे या विषयाचा गाडीशी संबंध पहिल्यापासूनच आहे. एलसीडी स्क्रीनचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. आमच्या स्क्रीनवर त्यापुढे एक पातळ थर असतो, जो एका आडव्या ओळीच्या प्रकाशाची कंपनाची दिशा सतत उजवीकडे फिरती ठेवतो आणि तिच्याखालच्या ओळीच्या प्रकाशाची डावीकडे. एका चष्म्याच्या दोन्ही काचांतून फक्त पहिल्या प्रकारचा प्रकाश जातो, दुसऱ्या चष्म्यातून फक्त दुसऱ्या प्रकारचा. चष्मा न लावल्यास दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळलेली दिसतात.

१०८० ओळींपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ५४० येतात, त्यामुळे बारीक अक्षरे थोडी तुटक दिसतात आणि भर उन्हात चित्र फिके वाटते; हा दोष नसून या पद्धतीची किंमत आहे. फिरणारा प्रकाश आम्ही मुद्दाम निवडला, कारण साध्या, एकाच सरळ दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात प्रवाशाने ४५ अंशांत मान कलती केली की दोन्ही चित्रे सारखीच दिसू लागतात, आणि लांबच्या प्रवासात मान कलतेच.

खरी काळजी उंचीची घ्यावी लागते. ओळी आणि त्यावरचा थर यांत काचेच्या जाडीइतके अंतर असल्याने फार खालून किंवा वरून पाहिल्यास शेजारच्या ओळीचा प्रकाश चुकीच्या चष्म्यात शिरतो आणि दुसऱ्याच्या चित्राची सावली दिसते. म्हणून स्क्रीनचा कोन पक्का करताना नेहमी बसणाऱ्या दोघांनाही, विशेषतः लहान मुलांना, सोबत आणावे.

थ्रीडी सिनेमाचा चष्मा येथे चालत नाही, कारण त्याच्या दोन काचा परस्परविरुद्ध असतात आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कार्यक्रम दिसून डोके दुखते. फरक ओळखायचा असल्यास चष्मा लावून, एक डोळा मिटून आरशात पाहावे : आमच्या चष्म्याच्या दोन्ही काचा काळ्या दिसतील, तर वर्तुळाकार ध्रुवणाच्या, म्हणजे असाच फिरणारा प्रकाश वापरणाऱ्या सिनेमा-चष्म्यात उघड्या डोळ्यासमोरचीच काळी दिसेल.

पुढच्या काचेवर अशी फिल्म लावून चालकाला वेगळे दृश्य दाखवता येईल का, असे काही ग्राहक विचारतात. आम्ही ते काम घेत नाही. ध्रुवण करणारी कोणतीही फिल्म सामान्य प्रकाशापैकी जास्तीत जास्त निम्माच पुढे जाऊ देते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश जायला हवा. आमचे चष्मेही चालकाने गाडी चालवताना लावू नयेत, आणि रात्री स्क्रीनचा उजेड मागच्या काचेवर पडून आरशात चमकत असल्यास तो कमी करावा.