अल्पखर्ची विज्ञानकथा-रूपांतर

गाजलेल्या विज्ञान-लघुकथेवरून मोजक्या पैशांत चित्रपट किंवा लघुपट करण्याची पद्धत. या कामाला कादंबरीपेक्षा लघुकथा सोयीची पडते. तिच्यात बहुधा एकच कल्पना असते, पात्रे दोन-तीन असतात, आणि परग्रह किंवा यंत्रमानव लेखकाने एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. अडचणही तिथेच आहे, कारण लेखकाला फुकट पडलेल्या त्या वाक्याचे बिल निर्मात्याच्या हातात येते. पदरी पैसे नसताना यान दाखवायचा मोह झाला, की गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलचे यान पडद्यावर उडते आणि प्रेक्षक नको तिथे हसतो.

पहिला खर्च हक्कांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क राहतो. इंग्रज विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स १९४६ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या मूळ इंग्रजी कथा इथे २००७ पासून मुक्त आहेत. अलीकडच्या अनुवादाचा हक्क मात्र वेगळा असतो, आणि हे हमखास विसरले जाते. अमेरिकेत १९६४ पूर्वी छापलेल्या मजकुराचा हक्क २८व्या वर्षी नूतनीकरण करून घ्यावा लागे. पन्नाशीच्या दशकातल्या मासिकांमधल्या अनेक कथांचे ते झालेच नाही. त्या आज प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत वाचायला मिळतात आणि लघुपटवाल्यांची नजर त्यांच्यावर असते.

या पद्धतीतले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे अमेरिकी दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांचा ‘दे लिव्ह’ (१९८८) हा चित्रपट. मूळ कथा रे नेल्सन यांची ‘एट ओ’क्लॉक इन द मॉर्निंग’. ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’च्या नोव्हेंबर १९६३च्या अंकात ती आली, जेमतेम काही पानांची. संमोहनाच्या प्रयोगाच्या शेवटी ‘जागे व्हा’ असा हुकूम होतो आणि जॉर्ज नाडा हा गृहस्थ जरा जास्तच जागा होतो. माणसांच्या रूपात वावरणारे, हिरव्या अंगाचे आणि अनेक पिवळ्या डोळ्यांचे परके जीव त्याला दिसू लागतात. सगळ्या शहरावर त्यांनीच मोहिनी घातलेली असते. त्याला फोन येतो, की उद्या सकाळी आठ वाजता तुझे हृदय थांबेल. दूरदर्शन केंद्र गाठून तो शहराला जागे करतो आणि आठच्या ठोक्याला मरतो. १९८६ मध्ये बिल रे यांनी या कथेची चित्रकथा केली. कारपेंटर यांनी कथा आणि चित्रकथा दोन्हींचे हक्क घेतले आणि फ्रँक आर्मिटेज या टोपणनावाने पटकथा लिहिली.

त्यांचा आधीचा, दोन कोटी डॉलरच्या घरातला ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’ (१९८६) आपटला होता. मग त्यांनी मोठ्या स्टुडिओंऐवजी एका लहान कंपनीशी करार केला: पैसे थोडे, पण ढवळाढवळ नाही. ‘दे लिव्ह’ला तीस ते चाळीस लाख डॉलर मिळाले. त्यात कथेतले काय टिकते आणि काय गळते, ते बघण्यासारखे आहे. आठ वाजताची मुदत गेली, फोन गेला, संमोहनकारही गेला. त्याच्या जागी आला एक काळा गॉगल.

सगळा चित्रपट या गॉगलवर उभा आहे. बेकार मजूर असलेला नायक लॉस एंजेलिसच्या रस्त्यात तो डोळ्यांवर चढवतो आणि रंगीत शहर कृष्णधवल होते. संगणकाच्या जाहिरातीचा फलक कोरा पांढरा, वर एकच हुकूम: आज्ञा पाळा. कॅरिबियन सहलीच्या जाहिरातीत पोहण्याच्या कपड्यांतली तरुणी होती. तिथे आता ‘लग्न करा, पोरे काढा’. नोटेवर ‘हा तुमचा देव’. गॉगल काढला की पुन्हा तीच तरुणी, तोच समुद्र. हिशेबाने पाहिले तर यात एकच चौकट दोनदा टिपली आहे. जिम डॅनफर्थ यांच्या मॅट चित्रांची, म्हणजे दृश्यात मिसळलेल्या रंगवलेल्या देखाव्यांची, मदत काही ठिकाणी झाली, पण परिणामाचे खरे भांडवल पांढऱ्यावर काळे अक्षर एवढेच.

परक्यांचे बहुनेत्री हिरवे रूप सोडून कवटीसारखे चेहरे घेतले, तेही कृष्णधवलमध्ये खपून जातात. रंगात ते रबरी दिसतात. अगदी शेवटी परक्यांचे खरे रूप झाकणारे प्रक्षेपण बंद पडून ते रंगीत उघडे पडतात तेव्हा याची खात्री पटते. दिग्दर्शकाने तो प्रसंग विनोदाकडे नेला, यात शहाणपण होते. गल्लीतली मारामारी हाही काटकसरीचाच प्रकार. मित्राने गॉगल घालून एकदा बघावे एवढ्यासाठी दोघे पाच मिनिटांहून जास्त वेळ एकमेकांना बडवतात. नायक रॉडी पायपर मुळात कुस्तीगीर, त्यामुळे खर्च काही आठवड्यांच्या तालमीचा. चित्रपटाने अमेरिकेत सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर मिळवले.

याहून स्वस्त टोक टेरी बिसन यांच्या १९९१च्या ‘दे आर मेड आउट ऑफ मीट’ या कथेत सापडते. ती नुसता संवाद आहे: माणसे मेंदूसकट मांसाचीच आहेत, हे दोन परग्रहवासीयांना पटतच नाही. स्टीफन ओ’रेगन यांनी २००५च्या लघुपटात या दोघांना माणसांच्या रूपात उपाहारगृहाच्या बाकड्यावर बसवले. मांसाला हसणारे दोघेही मांसाचेच, हा विनोद छापील कथेत नव्हता. नट घेतल्यामुळे तो आपसूक आला.

भारतात सुजॉय घोष यांचा ‘अनुकूल’ (२०१७) हा सत्यजित राय यांच्या १९७६च्या बंगाली कथेवरचा सुमारे वीस मिनिटांचा हिंदी लघुपट यूट्यूबवर आला. घरकामाला आणलेल्या यंत्रमानवाची ही कथा. त्याच्यावर हात उगारायचा नाही, नाहीतर तो विजेचा धक्का देऊ शकतो, एवढी एक अट असते. यंत्रमानव अनुकूल झालेल्या परमब्रत चटर्जी यांना पत्र्याचा पोशाख नाही की डोळ्यांत दिवे नाहीत. मालक निकुंज (सौरभ शुक्ला) यांना इथे कोलकात्यातला हिंदीचा शिक्षक केले आहे, म्हणून घरात पुस्तके आहेत. अनुकूल त्यांतली गीता वाचतो आणि धर्माबद्दल मालकालाच प्रश्न विचारतो. यंत्रमानव आहे हे प्रेक्षकाला पटते ते त्याच्या स्थिर, विनम्र बोलण्यामुळे. पुढे मालकाचा चुलतभाऊ त्याला मारतो, आणि ती एक अट कामाला येते.