पांढरीवरचा वाडा आणि भूकंप

खान्देशात तापी-गिरणेच्या काठची कितीतरी गावं पांढरीवर बसलीत, म्हणजे गावाखाली आधीचं गाव गाडलेलं. शहाद्याजवळचं प्रकाशा घ्या, १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं तर पार ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती लागली. आणि भूकंप आपल्याकडे कुठे येतो असं म्हणणाऱ्यांसाठी, १९३८ मध्ये सातपुड्यात सहाच्या वर रिश्टरचा झालाय.

पांढर म्हणजे राख, खापरं, पडक्या भिंतींचा भराव. अशी भुसभुशीत जमीन खडकापेक्षा जास्त हलते, त्यात वाड्याचा एक कोपरा खालच्या जुन्या भिंतीवर आणि दुसरा राखेवर असला की पाया कमी-जास्त खचतो आणि तिरप्या भेगा पडतात. त्यावर लोक आधी काय करतात, तर पाया खणून काँक्रीट भरतात. हे मला पटत नाही. खणलं की शेजारचा भराव ढिला होतो, खालचे थर गेले ते कायमचे गेले, आणि पांढरीचं टेकाड पुरातत्त्वीय म्हणून संरक्षित असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही ते वेगळंच.

खरं काम वर आहे. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, मातीखाली. भिंत बाहेरून दोन-अडीच फूट दिसते पण आत दोन वेगळे पदर असतात, मधे गोटे आणि चिखल, हादरा बसला की पदर सुटतात आणि भिंत पोट काढून फुटते. म्हणून नवी भिंत बांधताना आरपार दगड घालतात, उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवे जास्तीत जास्त चार फुटांवर, जुन्या भिंतीत मात्र हळूच भोक पाडून सळईचा आकडा घालून काँक्रीट भरायचं. मग पोकळीत चुन्याचं पातळ ग्राउट, म्हणजे ओतून भरायचा गारा, आणि दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना फिरणारा पट्टा, कडब्याची पेंढी आवळावी तसा, म्हणजे वाडा एकसंध हलतो, भिंती एकेकट्या बाहेर कोसळत नाहीत.

धाब्यावर दरवर्षी नवी माती टाकून टाकून थर वाढलेला असतो, तो उतरवला तरी निम्मी भीती जाते, खर्चही फार नाही. सागाचे खांब-तुळया चांगल्या असतील तर त्या काढून स्लॅब टाकू नका, मातीच्या जोडाच्या भिंतीवर एवढं वजन म्हणजे किल्लारीचं धाबंच पुन्हा. सिमेंटचा गिलावाही नको, ओल आतच अडकते आणि चिखलाचा जोड मऊ पडतो. आणि हो, शेतात टाकायला पांढरीची माती उकरून नेतात ना, ते वाड्याच्या कडेला तरी बंद करा, बाकी मजबुतीकरण त्यानंतर.